कानात सांगितलेलं नाव

"जोरात मारायचं," मी वडिवूला सांगत होते. "मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं की बायका माझ्या पाठीत धपाटे घालतात. तूही घालायचा. आत्याच्या पाठीत धपाटा पडल्याशिवाय नाव लागू होत नाही."

तिला धपाटा म्हणजे काय ते कळेना. मी उठून तिच्या पाठीवर हलकेच एक देऊन दाखवला. ती खुदकन हसली आणि तिच्या मांडीवरचं नऊ दिवसांचं बाळ दचकून रडायला लागलं.

एकोणीसशे सत्त्याऐंशी सालच्या चैत्रातली ही गोष्ट. कुरुंदवाडच्या आमच्या घरात मधल्या खोलीत बाज टाकली होती, बाजेखाली शेगडी होती, ओव्याच्या धुरीने डोळे चुरचुरत होते, आणि मी परातीत घुगऱ्यांचे गहू निवडत बसले होते. बारसं तीन दिवसांवर आलं होतं.

वडिवू माझ्या धाकट्या भावाची बायको. अच्युत बँकेत होता. बढती मिळून तिरुनेलवेलीला गेला आणि तिथलीच मुलगी त्याने पसंत केली. लग्नाची पत्रिका छापायची म्हणून मी पत्र पाठवून मुलीचं आडनाव विचारलं, तर उलट टपाली उत्तर आलं की आडनाव नाही. नाही म्हणजे? तर म्हणे त्यांच्यात नसतंच. बापाच्या नावातलं पहिलं अक्षर पुढे लावतात आणि काम भागवतात. अमक्या बाईला सावलीच पडत नाही म्हटल्यावर जशी कुजबुज होईल तशी ती आमच्या गल्लीत झाली. आमचं माहेरचं आडनाव हेर्लेकर. चार पिढ्यांत हेर्ल्यात कुणी पाऊल ठेवलेलं नाही, तिथं आमची वीतभर जमीन नाही, तरी ते गाव आम्ही कपाळावर कुंकू मिरवावं तसं मिरवत होतो. आणि ही बिनआडनावाची. त्यात नाव वडिवू. गल्लीतल्या बायकांनी दोन दिवसांत तिला 'वडीवहिनी' करून टाकलं. ती रागावली नाही. तिच्या भाषेत वडिवू म्हणजे रूप, घडण. खरंच रूपाची होती, सावळी, लांब मानेची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण पाचव्या महिन्यात तिची आई तापाने गेली. वडील आधीच गेलेले, भावंडं नाहीत. अच्युतने विचारलं, "अक्का, तू करशील का?" मी म्हटलं, विचारतोस काय, तिला घेऊन ये, मी तिचं माहेर. आणि तसं वागलेही, हे देवाशपथ सांगते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलपाणी, कशात कमी केलं नाही. अच्युत मला अक्का म्हणतो हे ऐकून तिला कोण आनंद झाला होता. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. मग नणंदेला वन्सं म्हणायचं सोडून तीही मला अक्का म्हणू लागली. तो शब्द तिच्या तोंडून आला की मला वाटायचं, ही काही परक्या मुलखातून आलेली नाही. मधे कधीतरी हरवली होती ती सापडली.

त्या दुपारी बाळ शांत झाल्यावर तिने विचारलं, नाव ठरवतं कोण. मी म्हटलं, ठरवणारे खूप असतात, पण सांगते आत्या. आणि आत्याने कानात जे सांगितलं तेच नाव, मग राजा आला तरी ते बदलत नाही. हे मी जरा ताठ्यानेच सांगितलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. चौदा वर्षं नवस केले आणि मग ते करायचेही थांबवले. साऱ्या जगात नाव ठेवायचा हक्क मला या एकाच पाळण्यावर होता.

ती म्हणाली, "अक्का, एक मागते. माझ्या अम्माचं नाव सांगाल?"

तिच्या आईचं नाव इसक्की.

मोडक्यातोडक्या मराठीत तिने मला समजावलं. तिच्या गावात आजीचं नाव नातीला येतं. पहिला मान बापाच्या आईचा असतो हे तिला माहीत होतं, म्हणून तिने अच्युतला आधी विचारलं होतं, तर तो म्हणाला आमच्यात आईचं नाव ठेवत नाहीत. खरंच होतं ते. आमच्याकडे सासूचं नाव उच्चारायची सुनेला चोरी. मग पोरीला त्या नावाने रागवायचं कसं? तिच्याकडे सगळं उलटं. त्यांच्या भाषेत नावाला पेर म्हणतात आणि नातीला पेत्ती. जी नाव पुढे नेते ती नात. आजी गेली तरी दिवसातून पन्नास वेळा घरात तिला हाक मारली जाते, आणि हाक मारली की माणूस घरातच राहतं. वडिवूची दोन बाळं आधी पोटातच गेली होती. या खेपेला आईने गावच्या देवीला नवस केला आणि मग आपणच निघून गेली.

"देवीचंच नाव आहे का हे?" मी विचारलं. माझा जीव तिथे घोटाळत होता.

तिने ट्रंक उघडायला लावून एक छोटी तसबीर काढून दाखवली. ती बघून माझ्या हातातले गहू गळले. तांबडा चेहरा, वटारलेले डोळे, कडेवर एक मूल आणि दातांत धरलेलं दुसरं मूल. वेशीबाहेर झाडाखाली असते म्हणाली. बाळंतिणींना आणि पोरांना सांभाळते. माझ्या तोंडाकडे बघून तिने हाताने खूण करून दाखवली: मांजर, पिल्लू, मानेला धरून, असं. अम्मा म्हणायची, मांजर पिल्लाला दातात धरते ती खायला नाही.

मी मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते. आई गेल्यावर ती रडलेली मी पाहिली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "दिला शब्द. पण कुणाला सांगू नकोस. नाव आधी फुटू द्यायचं नसतं."

म्हणजे हे नाव आम्हा दोघींतच राहिलं. अच्युतने तर तुम्ही दोघी ठरवा म्हणून हात झटकले होते.

शब्द दिला खरा, पण रात्री डोळ्यांपुढून ते दात हलेनात. एवढंसं गुलाबी बाळ, आणि त्याला असल्या देवीचं नाव. माझं सगळं आयुष्य कीर्तनांत गेलं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली, लग्नानंतर सासूबाईंबरोबर, मग एकटीने. झांजेचा आवाज कानावर आला की माझे हात चुलीवरून आपोआप निघतात. माझ्या देवांचे चेहरे हसरे होते. हातात मुरली असलेले, कमरेवर हात ठेवलेले. आमच्या विष्णुमंदिरात तेव्हा सप्ताह चालू होता, मिरजेचे बुवा आले होते. घरात सोयर असल्यामुळे मी आत जात नव्हते. रोज चार वाजता बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायची.

बारशाच्या आदल्या दिवशी बुवांनी आख्यानाला नाममहिमा घेतला. जन्मभर पाप केलेला एक माणूस मरताना घाबरून आपल्या लेकाला हाक मारतो. लेकाचं नाव देवाचं, म्हणून देवाचे दूत धावत येतात आणि त्याला सोडवून नेतात. बुवांचा आवाज असा लागला होता की बाहेर पायरीवर माझ्या अंगावर काटा आला. म्हणाले, "आई दिवसातून किती वेळा लेकराला हाक मारते? शंभर वेळा. मग नाव असं ठेवा की न कळत शंभर वेळा देव तोंडात येईल. जेव म्हणताना देव, नीज म्हणताना देव." मी पदराने डोळे पुसले. मला वाटलं, हे माझ्यासाठीच म्हणतायत.

कीर्तन संपल्यावर बुवा बाहेर आले. मी लांबूनच नमस्कार करून विचारलं, भाचीचं बारसं उद्या आहे, घरात कुणी नाव भलतंच काढलंय, आणि माझ्या मनात देवाचं आहे, तर काय करू. बुवा म्हणाले, यात विचारायचं काय, देवाचंच ठेवा. मी दुसरं नाव काय ते सांगितलं नाही. कुणाचं आहे तेही सांगितलं नाही. हवं ते उत्तर मिळालं होतं. मी ते पदरात बांधून घरी आले.

दुसऱ्या दिवशी चाळीस-एक बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा घातल्या, बाळाच्या गालाला तीट लावली. वडिवू हिरव्या चुड्याने आणि हिरव्या काठाच्या साडीने अशी शोभत होती की ज्यांनी तिला वडीवहिनी म्हटलं होतं त्याच तिच्या वेणीत गजरा माळत होत्या. ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. मी वाकले तेव्हा तिने आपली मूठ वळून वर धरलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. पहिला धपाटा तिचाच पडणार होता.

बाळाचा कान गरम होता. मला अजून आठवतो. मी ओठ टेकवले, आणि त्या क्षणापर्यंत, खरं सांगते, मला माहीत नव्हतं मी काय म्हणणार. मग म्हणाले. उजव्या कानात, मग डाव्या कानात, आणि मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नारायणी."

पाठीवर धपाट्यांचा पाऊस पडला. हसणं, गलका. मी पाठीने मोजत होते असं नाही, पण एक हात आला नाही हे मला कळलं. मी वळून पाहिलं. तिची मूठ तशीच खांद्याशी होती. मग ती हळूहळू उघडली, आणि त्याच हाताने तिने बाळाचं दुपटं नीट केलं.

अच्युत दारातून बघत होता. म्हणाला, "वा, अक्का, काय नाव शोधलंस." बायकांनी पाळणा म्हटला. मी नारायणी नारायणी करत घुगऱ्या वाटल्या.

गर्दी ओसरल्यावर मी तिच्या बाजेशी गेले. बरंच काही सांगायचं ठरवलं होतं, नाममहिमा, बुवा, देवाचे दूत. म्हटलं, "वडिवू, मी बुवांना विचारलं होतं..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मान खाली घालून म्हणाली, "नाव चांगलं आहे, वन्सं. तुम्ही बसा, दमला असाल."

तो वन्सं मला धपाट्यापेक्षा जास्त लागला. पण मी मनाची समजूत घातली. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस रुसेल, मग पोरीला हाका मारता मारता गोडी लागेल. नाही तर घरात हळूच आपल्या आईचं नाव घेईल, कोण बघायला येतंय? माझं माहेरचं नाव गंगू. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने द्वारका लिहिलं आणि मी त्या दिवसापासून द्वारका झाले. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. मग दुसरीला वाटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर ती गेली. पुढे अच्युतची बदली सोलापूरला झाली, मग पुण्याला. दर दिवाळीला ती दोघं पोरीला घेऊन कुरुंदवाडला यायची, एक वर्ष चुकलं नाही. वडिवूचं मराठी इतकं सुधारलं की आमच्या गल्लीत तिचं उदाहरण द्यायचे. ती माझे पाय दाबायची, माझ्यासाठी जरीची साडी आणायची, मला डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा महिनाभर येऊन राहिली. नणंद-भावजयीचं असं प्रेम गावात नव्हतं म्हणायचे लोक. मी पोरीला अंगणातून हाक मारायची, नारायणी, ये गं, नारायणी, जेव गं. आणि दर हाकेला पुण्य पदरी पडलं असं समजायची.

नारायणी चोवीस वर्षांची झाली, तिचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती एकटीच आली. जेवताना सहज म्हणाली, "आत्या, आई मला नावाने हाक का मारत नाही गं?"

मी म्हटलं, म्हणजे?

"कधीच नाही. कण्णू म्हणते, बाळ म्हणते, अगं म्हणते. शाळेत बाईंनी विचारलं तरी माझी मुलगी असंच म्हणायची. मी तिच्या तोंडून माझं नाव एकदाही ऐकलेलं नाही. पत्रिकेवर वाचलं तेव्हा ती नुसतं बोट फिरवत होती त्याच्यावरून."

मला वाटलं होतं, आपल्या आईचं नाव तरी घेत असेल ती. मी म्हटलं, "लाडाने गं. आयांचं असंच असतं." चोवीस वर्षांत दुसऱ्यांदा मी शब्द गिळला.

ती गेल्यावर मी मिरजेला गेले. बुवा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, कीर्तन सुटलं होतं, अंथरुणावर बसून जप करायचे. त्यांना सगळं सांगितलं, या वेळी सगळं. तसबिरीतली देवी, दातांतलं मूल, मांजर आणि पिल्लू. बुवा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "बाई, मार्जारन्याय तुम्ही माझ्याच तोंडून किती वेळा ऐकला असेल. माकडाचं पोर आईला धरतं, मांजरीच्या पिल्लाला आई धरते. देवाची कृपा मांजरीसारखी. त्या माऊलीने तुम्हाला तेच सांगितलं." मग म्हणाले, "ते देवाचंच नाव होतं. तुम्ही मला अर्धंच विचारलंत."

त्या दृष्टान्तावर मी शंभर वेळा माना डोलावल्या होत्या, टाळ्या वाजवल्या होत्या.

लग्न पुण्यात होतं. मुहूर्ताला अर्धा तास होता. वधूच्या खोलीत माणसांची दाटी झाली तेव्हा वडिवू मला म्हणाली, वन्सं, तुम्ही इथे जरा पडा, आणि मला कार्यालयाच्या मागच्या खोलीत घेऊन गेली. गाद्यांच्या ढिगाशेजारी आम्ही दोघीच. तिचे केस पांढरे झाले होते. मी तिचा हात धरला.

"वडिवू, मी चुकले."

तिने कशाबद्दल असं विचारलं नाही.

"तू घरात तरी तिला आईच्या नावाने हाक मारायचीस. कुणी अडवलं होतं?"

"तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आत्याने कानात सांगितलं तेच नाव, राजा आला तरी बदलत नाही. मग मी कसं बदलू? आणि जे सांगितलं ते मला घेता आलं नाही. खूप प्रयत्न केला. तोंडापर्यंत आलं की अम्मा समोर उभी राहायची."

बाहेर सनई सुरू झाली होती. मी रडत होते आणि ती माझ्या पदराने माझे डोळे पुसत होती.

"आता सांगते मी," मी म्हटलं. "आत्ता जाते आणि तिच्या कानात सांगते. मी अजून तिची आत्याच आहे ना?"

ती मान हलवत राहिली. "नको, वन्सं. आता हाक मारली तर ओ कोण देणार? ती नारायणी आहे. चांगली मुलगी आहे." मग दाराकडे बघत, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, म्हणाली, "लहान होती तोवर झालं असतं. तुमच्या तोंडून एकदा निघालं असतं ना, नुसतं एकदा, खेळताना, चुकून, तरी मला चाललं असतं. दर दिवाळीला त्याच्यासाठीच येत होते मी."

मांडवातून भटजींनी मुलीला घेऊन या म्हणून पुकारा केला. नाव घेऊन केला. वडिवू उठली, माझ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, आणि मला धरून उभं केलं.